यादोरावांचं चैनकव्हर

चंद्रकुमारचं पवनीला चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं दाखवायची आणि दिसतंय का, ते विचारायचं. जे दिसत नाही ते नाहीच, अशी त्याला सवयच लागून गेली होती. दुकान सोडलं तर त्याचा जीव फक्त जुन्या सायकलींत अडकलेला. भंडाऱ्यात अशा वेड्यांचा एक गटच होता. समोरच्या माणसाचं नाव आठवायचं नाही, पण त्याच्या सायकलीचा दिवा कोणत्या घडणीचा, ते यांना तोंडपाठ. फाल्गुनात एका सकाळी सगळे आपापल्या सायकली नवरीसारख्या नटवून कारध्याला, वैनगंगेच्या काठी आणत, रुबाबात एक फेरी मारत आणि मग झाडाखाली बसून एकमेकांच्या सायकलींना नावं ठेवत.

यंदा चंद्रकुमारने वडिलांची, यादोरावांची, सायकल काढायची ठरवली.

यादोराव काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात गावतलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सायकलसकट पाण्यात गेले. लोकांनी दोघांनाही बाहेर काढलं, पण उपयोग झाला नाही. तेव्हापासून ती सायकल गुरांच्या कोठ्यात आढ्याला दोराने टांगलेली होती. टायर कुजून गळून पडले होते. तिला कुणी हात लावत नसे.

मंदाबाई, म्हणजे चंद्रकुमारची आई, रोज दिवेलागणीला चहाचं आधण ठेवायच्या. एक कप जास्तीचा. "तुहे बाबा आले," असं म्हणायच्या आणि पदर सावरायच्या. यादोरावांच्या चैनकव्हरचा स्क्रू कधीच पडून गेला होता. त्यांनी तारेने बांधून काम भागवलं होतं, त्यामुळे सायकल पाळ उतरली की खडखड आवाज थेट घरापर्यंत यायचा. तो आवाज मंदाबाईंना अजून येत होता. चंद्रकुमार त्यावर वाद घालत नसे. म्हातारपण, म्हणून सोडून देई.

सायकल खाली उतरवली तेव्हा त्याला पहिल्यांदा खटकलं. मडगार्डला आतून चिखल लागला होता. काळा, तलावातला आणि ओला. बाहेर तलाव आटून तळाला भेगा पडल्या होत्या. त्याने चिखल बोटावर घेऊन वास घेतला. शेवाळाचा वास आला. कोठ्यात ओल असतेच, असं स्वतःला सांगून त्याने तो रॉकेलच्या बोळ्याने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखल पुन्हा तिथेच होता. त्याने पुन्हा पुसला.

"सगळं कर, पण चैनकव्हर नोको काढू बरं," मंदाबाई दारातून म्हणाल्या.

"काहून?"

"त्याच्याच आवाजानं समजते मले."

"बरं," तो म्हणाला.

मग गटाचा म्होरक्या भुपेंद्र सायकल बघायला आला आणि त्याने नाक मुरडलं. "हे तार कायले ठेवली बे? अन् कॅरिअरवर गोणपाट? कंपनीतून निघाली तशी पाह्यजे. नाई तं लोक हासतीन."

ते गोणपाट म्हणजे गादी होती. मागे बसल्यावर बायकोला लोखंड टोचू नये, म्हणून यादोरावांनी दाभणाने शिवलेली. चंद्रकुमारला आईचं बोलणं आठवलं नाही, असं म्हणता येणार नाही. चांगलं आठवलं. पण गटातली चार माणसं हसतील याची लाज त्याला जास्त वाटली. त्याने सायकलीला नवा रंग दिला, नवे टायर चढवले आणि नवं चकचकीत कव्हर बसवलं. जुनं कव्हर, तार, गादी, सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीत गेलं. आईला काय कळतंय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

कारध्याला सायकलीने सगळ्यांचे डोळे दिपवले. घडणीतला एक भाग इकडचा तिकडे नाही, आणि चालते तर कुठे आवाज म्हणून नाही. भुपेंद्रने पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी चहाचं आधण उकळून उकळून आटलं. "आज नाई आले," मंदाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी आधण ठेवणंच सोडलं आणि हळूहळू जेवणही. इतकी वर्षं आई त्या एका आवाजावर उभी होती, हे चंद्रकुमारला आता कळलं. तो भंगारवाल्याकडे धावला, पण माल नागपूरला गेला होता. शेवटी त्याने नव्या कव्हरचा स्क्रू काढला, तार बांधली आणि दिवेलागणीला पाळीवरून सायकल खडखडवत घरी आला.

मंदाबाई हातात रिकामाच कप घेऊन लगबगीने अंगणात आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तू व्हय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या अंगणात ओली पावलं उमटलेली होती. अनवाणी. फाटकातून सायकलपर्यंत आलेली, तिच्याभोवती फिरलेली आणि पाळीकडे परत गेलेली. नव्या रंगावर चिखलाची बोटं होती. जिथे जुनी तार होती तिथे, आणि जिथे गादी होती तिथे.

मंदाबाईंनी वाकून ती बोटं पाहिली.

"वळखली नाई रे त्यायनं आपली सायकल," त्या म्हणाल्या. "पायीच फिरून रायले."

त्याला म्हणायचं होतं, आई, माझं चुकलं. त्याने रॉकेलचा बोळा उचलला आणि न पुसताच परत ठेवला.

संध्याकाळी त्या घरात नव्हत्या. तो सायकल घेऊन पाळीवर गेला. त्या आटलेल्या तलावाकडे तोंड करून उभ्या होत्या, डोक्यावर पदर. त्याची चाहूल लागताच वळल्या.

"बसव त्यायले. थकले हायेत."

पाळीवर त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. त्याने सायकल वळवली आणि हँडल धरून उभा राहिला.

कॅरिअर करकरलं.

मागचं नवंकोरं टायर मातीत दबलं.

तो सायकल ढकलत निघाला. मंदाबाई एक हात कॅरिअरवर हवेत धरून चालत होत्या, पडू नये म्हणून माणसाला धरतात तसा.

"हळू घे," त्या म्हणाल्या. "गादी नाई आता. टोचत असन."

अंगणात आल्यावर त्या घाईघाईने आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. चंद्रकुमारने स्टँडवर पाय दिला आणि सायकल उचलायला जोर लावला.

उचलेना.

त्याने पुन्हा जोर लावला.

"उतरले का रे?" आईने आतून विचारलं.

मागे न बघता त्याने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं. कॅरिअरखालच्या कोरड्या मातीत पाणी ठिबकत होतं.

"नाई, आई," तो म्हणाला. "अजून नाई."