लाल टॅगची बाभूळ

लाल टॅग.

गुलाबाच्या भट्टीचा वास. वसंतात ताइफमध्ये तो कपड्यांनाही चिकटतो.

कोळिष्टकांनी विणलेली, मुठीएवढी, लोंबती पिशवी. बाजूला दार.

कतीफच्या धक्क्याला लागलेल्या होड्या.

“मॅडम, वर नका बघू. पुढे खड्डा आहे.”

आठवणीतल्या या गोष्टींतलं शेवटचं वाक्य शादाबचं. ते ऐकेपर्यंत मासूमाचा एक पाय खड्ड्यात गेला होता.

ती डोंगरावरच्या नव्या हॉटेलची बाग आखत होती. तो तिथेच परांची बांधणाऱ्यांचा फोरमन. दोघं रत्नागिरीकडची, तो हर्णैत वाढला, ती जेद्दात.

“मला मराठी येतं, हे कसं कळलं?” तिने बूट झाडत विचारलं.

“मघाशी फोनवर अम्मीशी भांडत होतात. सगळ्या साइटला कळलं.”

तिने बूट पुन्हा एकदा झाडला.

“आणि वर काय होतं एवढं?”

“शिंजीर.”

बाभळीच्या फांदीला घरटं लोंबत होतं. दारातून दोन चोची बाहेर. नर आला — काळा, ऊन पडलं की निळा — फुलापुढे क्षणभर हवेतच थांबला… गेला. साइटवर सगळे त्याला हमिंगबर्ड म्हणत. हमिंगबर्ड या खंडात नसतो, हे सांगून मासूमा दमली होती. या डोंगरात शिंजीरही आता क्वचितच दिसे. बाभळीच उरल्या नव्हत्या.

ही एक उरली होती, तीही हॉटेलच्या रस्त्यात. उद्या पाडणार होते.

शादाबने खिशातून लाल टॅग काढला, त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, बुंध्याला बांधला. परांची धोक्याची असली की हा टॅग लावतात. मग तिला कोणी हात लावत नाही. ज्याने लावला त्यानेच काढायचा.

“अहो, हे झाड आहे.”

“वर माणसं आहेत ना? मग परांचीच.”

इंजिनियर अली आला. टॅग वाचला, डोकं खाजवलं. हा नियम त्यानेच केला होता. “पिल्लं उडाली की काढ,” म्हणाला आणि मशीन मागे न्यायला लावलं.

मग रोज दुपारी ती दुर्बीण आणायची, तो चहा.

“दुर्बीण माझ्याकडे का वळली?”

“हेल्मेटवर काहीतरी बसलंय तुमच्या.”

“काय?”

“काही नाही… उडालं.”

रस्त्याला वळसा घालणारा एक नकाशाही ती रोज अलीपुढे ठेवायची. अली रोज ‘बुकरा’ म्हणायचा. बुकरा म्हणजे उद्या.

शादाबची बदली पूर्व किनाऱ्यावरच्या कतीफला झाली. टॅग राहिला.

“उडाली?” त्याचा मेसेज.

“नाही अजून.”

“मासे पाठवू?”

“शिंजिराला?”

“तुला.”

‘तुम्हाला’वरून तो ‘तुला’वर आला होता. तिने हरकत घेतली नाही.

गुरुवारी तिने लिहिलं, “उडाली. ये.”

शुक्रवारी तो आला, आख्खा देश ओलांडून. घरटं रिकामं होतं, वाऱ्यावर हलत होतं.

“काढ,” ती म्हणाली.

त्याने दोरीला हात लावला. मग हात मागे घेतला.

“काढला की झाड गेलं. पुढच्या वर्षी जोडी परत आली तर… बांधणार कुठे?”

“अली चिडेल. तुझा कफील चिडेल, व्हिसा त्याच्याच हातात. नोकरीवर येईल.”

“येऊ दे. नाही काढत.”

“मग दर आठवड्याला तपासून सही करावी लागेल. नियम आहे.”

“कतीफहून?”

“कतीफहून.”

तो टॅगकडे बघत राहिला.

“येताना जेद्दाला थांबलं तर चालेल? म्हणजे… तुझ्या अब्बांना भेटून?”

“जेद्दा वाटेत नाही, शादाब. ताइफच्याही पुढे आहे.”

“माहीत आहे मला.”

तिने पेन पुढे केलं. त्याने सही केली. गुलाबाचा वास येत होता.

रस्ता बाभळीला वळसा घालून न्यायचं अलीने बुधवारीच मान्य केलं होतं.