मुठीत मावेल तोच चाकू

"हात पुढे कर! घाबरतेस कशाला? छडी नाही मारणार मी!"

आत्याने मिरचीचा तळहात आपल्याकडे ओढला, त्यावर एक मिटलेला चाकू आडवा ठेवला आणि म्हणाली, "हं, आता मूठ मीट."

मिरचीने मूठ मिटली. करंगळीच्या बाजूने चाकूचं बूड चांगलंच बाहेर डोकावलं.

"मोठा होतोय. दुसरा बघू."

"नाही गं आत्या, मावतोय की! हे बघ, मी घट्ट दाबते!"

"दाबल्यावर चाकू आखडतो वाटतं!" शेपूट खिदळला.

मिरचीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पटकन टेबलामागे सरकला. शेपूट हा तिचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे मागे मागे, म्हणून शेपूट. आणि ताईच्या नाकावर कायम राग, म्हणून ती मिरची!

सुट्टीत तिघं भावंडं आत्याकडे राहायला आली होती. तिसरा लंबू, काकांचा मुलगा. आत्याचा तंबू शिवायचा कारखाना होता आणि तिथे प्रत्येकाच्या खिशात घडीचा चाकू असायचाच. दोरी कापायची, चुकलेली शिवण उसवायची, पट्ट्यांची टोकं छाटायची, सारखा चाकू लागणार! सहावी पास झालेल्या भाचरांना आत्या आपल्या खणातून एकेक चाकू द्यायची, फक्त कारखान्यात आणि टेबलापाशी बसूनच वापरायचा या अटीवर. निवडायचा मात्र तिच्या मापाने. मिटलेला चाकू मुठीत मावला पाहिजे. खिशात ठेवून उकिडवं बसलं तर टोचता कामा नये. आणि खिशातून डोकं बाहेर काढणारा चाकू तर मुळीच चालणार नाही!

"रोज जवळ बाळगायची वस्तू आहे ही," आत्या म्हणाली. "भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवायची नाही."

शेवटी मिरचीच्या मुठीत एक चाकू अगदी बरोबर बसला. पण केवढा? एवढासा! साधी काळी मूठ आणि बोटभर पातळ पातं.

"वा! पेन्सिलीला टोक काढायला झकास!" लंबू म्हणाला. त्याला खरं तर काही वाईट बोलायचं नव्हतं. पण त्याचे हात होते फावड्याएवढे, आणि त्या हातात आत्याने ठेवला होता शिसवी मुठीचा, दोन्ही टोकांना पितळ मढवलेला, उघडताना 'टक्' वाजणारा चाकू! खणातला सगळ्यात देखणा! मिरचीची नजर सकाळपासून त्याच्यावरच होती.

तिने फणकाऱ्याने मान उडवली. हात लांब असणं हे काय कर्तृत्व आहे? दुधी भोपळासुद्धा लांब असतो!

आणखी एका माणसाची नजर त्या चाकूवर खिळली होती. ते म्हणजे मुकादमकाका. कारखान्याची देखरेख त्यांच्याकडे असायची. पुढे आलेलं पोट, भरदार मिशा आणि मोठा आवाज. "काय बाई, पोरांना असले चाकू आणि मुकादमाच्या खिशात हे झिजलेलं पातं!" ते हसत हसत म्हणाले खरे, पण संध्याकाळी बाजारातून येताना स्वतःसाठी एक भला दांडगा चाकू घेऊनच आले. लंबूच्या चाकूपेक्षा वीतभर मोठा वाटावा असा!

"माप घेतलंत का, मुकादम?" आत्याने विचारलं.

"माप पोरांना!" मिशांवरून हात फिरवत मुकादम म्हणाले आणि त्यांनी चाकू पँटच्या मागच्या खिशात खोचला.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात विचित्र प्रकार सुरू झाला. तयार तंबूंना चिरा पडायला लागल्या! तंबू शिवून झाला की छताच्या कप्पीला टांगायचा, पाणी मारून गळतो का बघायचं, वाळला की घडी घालायची, अशी रीत होती. टांगताना धड असलेला तंबू घडी घालताना फाटलेला निघायचा!

"उंदीर!" शेपूट म्हणाला.

"उंदीर कुरतडतात. ही सरळ चीर आहे," आत्या म्हणाली. "पात्याची."

मुकादमांनी घसा खाकरला. "पोरांच्या हातात हत्यारं दिली, बाई. दुसरं काय होणार?"

सगळ्यांच्या नजरा लंबूकडे वळल्या. कारण दिवसभर त्याचं 'टक् टक्' चालूच असायचं. मिरचीच्या एवढ्याशा चाकूवर कोणी शंकासुद्धा घेतली नाही. याचाही मिरचीला रागच आला!

त्यातच आत्याने जेवताना जाहीर केलं, "परवा डोंगरावरच्या शिबिरात आपला मोठा तंबू उभारायला मी जातेय. ट्रकमध्ये माझ्याजवळ एकच जागा आहे. लंबू, तू चल. तुझा हात वरच्या दोरीला पोचेल."

पुन्हा लांब हात! मिरचीने हातातला घास ताटात टाकला. डोंगर, शिबिर, तंबूत झोपायचं, सगळं लंबूलाच? चाकू त्याला, ट्रक त्याला, आत्यासुद्धा त्यालाच!

दुसऱ्या दिवशी दुपारी लंबू अंघोळीला गेला. त्याची पँट खुंटीवर होती. मिरची इकडेतिकडे बघत पुढे झाली आणि पुढच्या क्षणी तो पितळी टोकांचा चाकू तिच्या खिशात होता!

'फक्त बघायला घेतलाय. लगेच ठेवीन,' ती स्वतःलाच सांगत होती. कारखान्यामागच्या लाकडांच्या ढिगाआड बसून तिने तो हातात धरला. किती छान! पण मूठ मिटली की बूड बाहेर. खटका अंगठ्याने दाबावा तर अंगठा पोचेना. खिशात घालून उकिडवी बसली, तर मांडीला असा टोचला की ती "आई गं!" करून उभीच राहिली. तरी तिला तो परत द्यावासा वाटेना.

तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला.

ती धावत गेली. शिबिराचा मोठा तंबू कप्पीला टांगलेला होता आणि त्याला हातभर लांब चीर गेली होती! आत्या पांढरीफटक पडली होती.

"दुपारी जेवायला गेलो तेव्हा धड होता!" मुकादम गरजले. "कुठाय तो लंबू? आधी त्याचा चाकू बघा!"

लंबू ओल्या केसांनी तसाच आला. खिसे चाचपले. पुन्हा चाचपले. "माझा... माझा चाकू सापडत नाहीये!"

"सापडणार कसा? काम झाल्यावर लपवलास!"

"नाही हो काका! शप्पथ!"

आत्याने चिरेवरून हात फिरवला. मग थकल्या आवाजात म्हणाली, "लंबू, खरं सांगितलं असतंस तर मी माफ केलं असतं. संध्याकाळच्या बसने तू घरी जा. तुझ्या बाबांना मी फोन करते. तंबू दुरुस्त झाला तर शिबिराला मिरची येईल माझ्याबरोबर."

मिरची येईल! हेच तर तिला हवं होतं! मग आनंद का होईना? लंबू खोलीत गेला आणि पिशवी भरायला लागला. त्याचे खांदे हलत होते. एवढा मोठा घोडा, पण रडत होता. आणि मिरचीच्या खिशातला चाकू आता अंगारासारखा जाणवत होता.

'गुपचूप त्याच्या गादीखाली ठेवून देऊ,' तिला वाटलं. पण लगेच लक्षात आलं, तिथे सापडला तर सगळे म्हणतील, बघा, यानेच लपवला होता! छे! म्हणजे सांगावंच लागणार. आणि सांगितलं की शिबिर गेलं. आत्या तोंडसुद्धा बघणार नाही.

विचार करत ती कारखान्यात शिरली. एका बाजूला टांगलेले तंबू आणि दुसऱ्या बाजूला सामानाची मांडणी, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. मिरची घाईने वळली आणि थर्र! तिच्या खिशातून बाहेर आलेलं पितळी बूड शिवणीत अडकलं आणि दोरा ओढला गेला.

"ताई, फाडलास ना तूपण!" मागून आलेला शेपूट किंचाळला. मग त्याचे डोळे विस्फारले. "अगं, हा तर लंबूदादाचा चाकू!"

"हळू बोल, गाढवा!" मिरचीने त्याचं तोंड दाबलं. पण तिची नजर शिवणीवरून हलेना. मिटलेला चाकू नुसता खिशातून डोकावला तर एवढा दोरा ओढतो. आणि त्याचं पातं जरासं उघडं असेल तर?

ती मोठ्या तंबूच्या चिरेपाशी जाऊन उभी राहिली. चीर या वाटेकडच्याच बाजूला होती, आडवी, मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर. "शेपट्या, या वाटेने सगळे तंबूकडे तोंड करून जातात. तंबूकडे पाठ करून कोण जातं, सांग बघू?"

"मुकादमकाका! त्यांचं पोट तंबूला घासतं, म्हणून ते पोट मांडणीकडे करतात!"

"आणि त्यांचा तो दांडगा चाकू कुठे असतो?"

"मागच्या खिशात! अर्धा बाहेर!" शेपूट उडीच मारणार होता. "ताई, चल, आत्याला सांगू!"

मिरची मात्र दारातच थबकली. बाहेर लंबू पिशवी घेऊन पायरीवर बसला होता आणि आत्या फोन हातात घेऊन उभी होती.

"आत्या, फोन नको करूस!" मिरची एका दमात बोलून गेली. "चाकू मी चोरला. दुपारी. तंबू फाटला तेव्हा तो माझ्याच खिशात होता. लंबूने काहीच केलं नाही. मला... मला त्याचा हेवा वाटत होता."

लंबूने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मिरचीला झालं.

"मग तंबू फाडला कोणी?" आत्याने विचारलं. तिचा आवाज कडक होता.

"ते दाखवते. फक्त चहा कर!"

थोड्याच वेळात मुलांनी मोठा तंबू बाजूला ओढून त्या वाटेवर फाटक्या कापडाचा एक जुना पडदा टांगला. पलीकडच्या टोकाला आत्या चहाची किटली घेऊन उभी राहिली. शेपटाने ऑफिसच्या दारातून बोंब ठोकली, "मुकादमकाका! चहा आला! लवकर या, नाहीतर बिस्किटं संपली!"

बिस्किटं म्हटल्यावर मुकादम काय थांबतात? आले तरातरा, पोट मांडणीकडे केलं, पाठ पडद्याकडे केली आणि सरकत निघाले.

चर्रर्र!

"मुकादम, तसेच थांबा!" आत्या म्हणाली. "आता मागे हात लावून बघा. जपून!"

मुकादमांनी हात मागे नेला आणि ते जागीच थिजले. नव्या चाकूचा खटका केव्हाच ढिला झाला होता. खिशात न मावलेल्या अर्ध्या भागातून पात्याचं टोक करकोच्याच्या चोचीसारखं बाहेर आलं होतं, आणि पडद्याला ताजी, सरळ, लांब चीर पडली होती.

आत्याने तो चाकू मिटून त्यांच्या तळहातावर ठेवला. "मूठ मिटा."

मूठ मिटली. चाकू दोन्ही बाजूंनी बाहेर!

"माप फक्त पोरांना ना, काका?" शेपूट म्हणाला. कारखान्यातल्या सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या.

मुकादम मात्र हसले नाहीत. लंबूचा चाकू आपणच घेतल्याचं मिरचीने कबूल केलंय, हे आत्याने त्यांना सांगितलं. खाली मान घालून ते म्हणाले, "पँटचा खिसा पात्याने कापलेला मला कालच दिसला होता, बाई. मनात पाल चुकचुकली, पण लाजेपायी गप्प बसलो आणि या पोरावर ढकललं. माझ्या निम्म्या वयाचीसुद्धा नाही ही पोर, पण बोलली." ते लंबूपाशी गेले. "चुकलो रे बाबा."

मग सगळे चीर शिवायला बसले. ठिगळ लावायचं तर आधी चिरेच्या बाजूची बारीक शिवण उसवायला हवी होती. लंबूचं जाड पातं टाक्याखाली शिरेना. मिरचीचं पातळ पातं मात्र टाक्यामागून टाका अलगद उचलत गेलं. आत्या बघत राहिली. लंबू मिरचीच्या शेजारीच कापड ताणून धरून बसला होता. पण अख्खी संध्याकाळ तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही.

सकाळी ट्रक भरून तयार झाला. आत्याने सगळ्यांसमोर मिरचीला जवळ घेतलं. "शाबास! अख्ख्या कारखान्याला जे दिसलं नाही ते तू शोधलंस, आणि स्वतःचं नुकसान होत असताना खरं बोललीस. पण चोरी ती चोरीच. शिबिराला लंबूच येईल."

"माहीत आहे," मिरची म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "तरीपण मला अजून हेवा वाटतोय, आत्या! खूप!"

"वाटणारच! पण काल पोटात लपवून ठेवला होतास, आज तोंडाने सांगते आहेस," आत्या म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.

लंबू आधीच आत बसला होता, समोर बघत. ट्रक सुरू झाला. फाटकापाशी वळला. आणि खिडकीतून त्याचा तो लांबच्या लांब हात बाहेर आला, पाठोपाठ डोकंही!

"ए मिरचे! परत आल्यावर शिबिरातली एकेक गंमत तुला तिखटमीठ लावून सांगणार आहे! रोज! तुझा जळून कोळसा होईल, बघच तू!"

लंबूची फुशारकी ऐकून मिरचीला आयुष्यात कधी एवढा आनंद झाला नव्हता.

"सांग रे सांग!" ट्रकमागे धावत, रडत, हसत ती ओरडली. "काहीसुद्धा गाळू नकोस!"