तारीख मागे नेलेला कॉम्प्युटर

खोटं सांगून मला काय मिळणार? ज्याच्यावर हे बेतलं, तो माझ्या शेजारच्याच गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. जाऊन विचारा. मान हलवेल. बोलणार मात्र नाही.

दोघे भाऊ. थोरल्याला, म्हणजे दादाला, जुन्या गेमचं भारी वेड. पिवळट पडलेला एक कॉम्प्युटर त्याने पोटच्या पोरासारखा जपला होता. धाकट्याने दुरुस्तीचं दुकान काढलं, तरी दादाने त्याला त्या मशीनला कधी हात लावू दिला नाही. ते धाकट्याच्या मनात सलत होतं.

मग दादाच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज जाणार, हे आधीच कळलेलं. म्हणून त्याने आठ दिवस बसून लेकीसाठी त्या कॉम्प्युटरवर आपला आवाज भरून ठेवला. कुठला गेम कसा खेळायचा, आणि मधेमधे बापाने सांगाव्यात अशा चार गोष्टी.

पाच महिन्यांनी तो गेलाच.

वहिनी ते मशीन घेऊन धाकट्याकडे आली. लेक सोबत होती. बाबांचा आवाज तेवढा काढून द्या, म्हणाली.

धाकट्याने पुतणीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "डिस्क गेली गं. काहीच उरलं नाही."

डिस्क ठणठणीत होती.

आवाज निघतो म्हटल्यावर वहिनी डिस्कही परत घेऊन गेली असती, आणि दादाचा तो जुन्या गेमचा सगळा साठा याला हवा होता. एवढ्यासाठी पोरीला रडवलं मेल्याने. मला अजून राग येतो.

पुढच्या रविवारी भर दुपारी, शटर अर्धं ओढून, त्याने त्या डिस्कची नक्कल घेतली आणि आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन केलं. म्हणजे लॅपटॉपच्या पोटात दादाचा जुना कॉम्प्युटर. पण दादाचा आवडता, गाव वसवायचा गेम काही सुरू होईना. काही जुने गेम आजची तारीख दिसली की अडून बसतात. त्यावर या धंद्यात साधी युक्ती आहे... आतलं घड्याळ मागे न्यायचं.

त्याने तारीख दोन वर्षं मागे नेली.

दादा जिवंत होता तेव्हाची.

गेम सुरू झाला. आणि...

कर्र... टक. कर्र... टक.

जुनी डिस्क फिरल्याचा आवाज. लॅपटॉपमध्ये फिरणारं काही नव्हतंच. दादाची डिस्क ड्रॉवरमध्ये पडलेली, तिला वायरसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी बघतो तर दादाच्या गावात एक भिंत जास्तीची. याने बांधली नव्हती. संध्याकाळी याचा घसा बसला.

रोज एक भिंत वाढायची.

रोज आवाज आणखी खाली जायचा.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घशात काहीच नाही म्हणाले.

दहाव्या दिवशी भिंतींच्या मधोमध एकच माणूस उभा होता. चारी बाजू बंद. डोक्यावर नाव होतं...

धाकट्याचं.

त्याची पाचावर धारण बसली. व्हर्च्युअल मशीन त्याने तिथल्या तिथे पुसून टाकलं. दुकानात शांतता झाली.

मग ड्रॉवरमधून आलं... कर्र... टक.

डिस्क उचलून तो तसाच वहिनीच्या घरी धावला. सगळं कबूल करायचं, पाय धरायचे, असं ठरवून गेला होता. पुतणीच्या कॉम्प्युटरला डिस्क जोडली. तिने पहिली फाइल उघडली. तारीख ऑपरेशनच्या आधीची.

आवाज दादाचा नव्हता.

"डिस्क गेली गं. काहीच उरलं नाही."

हुबेहूब धाकट्याचा.

मग दादाचा तो नेहमीचा खोकला. आणि मग दादा...

"ऐकलंस ना काकाचं? आता माझं ऐक."

पुतणी ओरडली नाही. उठली आणि काकासाठी दार उघडून उभी राहिली. माफी मागायला त्याने तोंड उघडलं. साधा श्वासही वाजला नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. पुतणी रोज बापाचा आवाज ऐकते. काकाचा परत आला नाही. माफीच्या चिठ्ठ्या लिहितो, वहिनी न वाचता परत पाठवते.

डिस्कवर एक फाइल अजून न उघडलेली आहे. पुतणीनेच मला दाखवली. त्या फाइलला काकाचं नाव दिलंय, आणि तारीख...

येत्या चौदा तारखेची.

त्या दिवशी मी माझा गाळा उघडणार नाही.