माणक्याची झूल

कळंबच्या वाटेवर, कालव्याच्या कडेला, एक पांढराशुभ्र खिलार बैल रस्त्याच्या मधोमध उभा होता. सोनमनं स्कूटी थांबवून हॉर्न वाजवला. बैलानं कान हलवला, पाय नाही.

"हॉर्नला न्हाय हलायचा त्यो," मागून आवाज आला. "नावानं बोलवा."

"काय नाव?"

"माझं का त्याचं?"

तिनं वळून पाहिलं. खांद्यावर कासरा टाकलेला तरुण भुरभुर पावसात हसत उभा होता.

"रस्ता ज्यानं अडवलाय त्याचं."

"मग माणक्या. माझं लखन... लागलं तर असू द्या."

सोनम कोऱ्हाळे बुद्रुकची. जनावरांची डॉक्टर म्हणून नुकतीच कळंबच्या दवाखान्यात आली होती. शेजारच्या तालुक्यात लंपी आला होता. ताप, अंगभर गाठी, जनावर चारा सोडतं. म्हणून ती दर आठवड्याला गोठे फिरायची आणि केसांच्या उलट बाजूनं हात फिरवायची. सुरुवातीची गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते.

"मॅडम, आमच्याच गोठ्याला येळ जास्त लागतोय," लखन म्हणायचा.

"तुमचा बैल मोठा आहे."

"शेजारच्याचा बी एवढाच हाय."

ती मान खाली घालून हसायची. तपासणी झाली की तो तिच्या हातावर पाणी ओतायचा, आणि तांब्या रिकामा झाला तरी तसाच वाकडा धरून उभा राहायचा.

"पाणी संपलं."

"व्हय... संपलं की."

लखनचे वडील आबासाहेब ओट्यावरून हे सगळं बघायचे. घरात बाईमाणूस नव्हतं. लखनची आई गेल्यापासून बेंदराला, बैलांच्या सणाला, माणक्याचं औक्षण आबाच करायचे, तिच्याच तबकात. बेंदराच्या मिरवणुकीत वेशीतून पहिला जायचा मान या घराचा. यंदा माणक्यासाठी आबांनी आरशांची नवी झूल शिवून आणली होती.

बेंदूर दोन दिवसांवर आला, आणि माणक्याच्या मानेखाली सोनमची बोटं थांबली.

"गोमाशी चावलीय," लखन घाईनं म्हणाला. "मी हळद-तेल लावलंय."

तिनं ताप पाहिला. होता. गाठीचा नमुना घेतला.

"हा पुण्याला तपासायला जाईल. अहवाल बेंदरानंतरच येणार. तोवर याला एकटा बांधा. मिरवणुकीत नको."

"लंपीच हाय, पक्कं?"

"पक्कं नाही. शंका आहे."

"शंकेवर मान सोडू?" आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

"वेशीत सगळे बैल खेटून उभे राहतात, लखन. माशी याला चावून दुसऱ्याला चावते. गावचे बैल जातील... अहवालाशिवाय मला हुकूम देता येणार नाही. सांगणं माझ्या हातात आहे."

"डॉक्टरीणबाई," आबा ओट्यावरून म्हणाले, "या घराचा बैल कधी मागं ऱ्हायला न्हाय."

त्या दिवशी हातावर पाणी तिनं स्वतःच घेतलं.

बेंदराला वेशीत हलगी वाजत होती. रंगवलेले बैल बेगड लावलेली शिंगं हलवत मानाच्या बैलाची वाट बघत होते. सोनम कडेला उभी होती. आज लखन बैल घेऊन आला, तर गावचे बैलही जाणार आणि हा माणूसही मनातून जाणार, हे तिला कळत होतं.

लखन आला. एकटा. आरशांची झूल त्याच्याच खांद्यावर होती.

"माणक्याच्या मानेखाली गाठ हाय. लंपीची शंका हाय. म्या त्याला घरीच पुजलाय. तुमच्या बैलांत आणणार न्हाय."

"नवऱ्याबिगर वरात आणली व्हय रं?" गर्दीतून गावातला जयवंता ओरडला. वेस हसली. लखनचा चेहरा लाल झाला, पण तो हलला नाही.

तेवढ्यात मागून आबा आले. "हसा. परवा डॉक्टरीणबाईंचं म्या बी ऐकलं न्हाय. हसून झालं की आपापल्या बैलाच्या मानेखाली हात घाला, उलटा. कसा घालायचा ते डॉक्टरीणबाई दावतील. आणि मग घरला न्या त्यास्नी. माझ्या पोरानं मान सोडलाय, तुमाला नुसता दिवस सोडायचाय."

हलगी थांबली. बैल एकेक करून परतले. सोनम संध्याकाळपर्यंत दारोदार फिरली. तिचे तळवे रंगांनी हिरवे-गुलाबी झाले.

अहवाल आला. लंपीच होता. माणक्याच्या अंगभर गाठी उठल्या, चारा सुटला. सोनम सकाळ-संध्याकाळ येऊन जखमा धुवायची आणि लखन त्याच्या तोंडाशी कोवळा घास धरून बसायचा. माणक्या वाचला. कळंबात दुसरा बैल आजारी पडला नाही. पारावर जयवंताच आता पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या लखननं गाव वाचवलं."

एका दुपारी सोनमनं हात फिरवला. खपल्या पडून नवे केस आले होते.

"बरा झाला."

लखननं पाणी ओतलं. "म्हंजी... आता यायचं कारण न्हाय ऱ्हायलं."

"नाही."

तांब्या रिकामा झाला. पाणी संपल्याचं दोघांनीही सांगितलं नाही.

आबा तबक घेऊन बाहेर आले. "माणक्याचं औक्षण ऱ्हायलंय," म्हणाले, आणि तबक सोनमपुढं धरलं.

"आबा, हे घरच्या बाईनं करायचं ना?"

"म्हणून तर. लई वर्सं म्या केलं, पोरी. तिच्यावानी जमलं न्हाय. कोऱ्हाळ्याला तुझ्या आईबापाकडं येतोच, पर आधी तुला इचारतोय."

सोनमनं लखनकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्ही काही बोलणार की नाही?"

"आबांनी समदं बोलून टाकलं की!"

"तरी."

"पुढल्या बेंदराला वेशीतनं माणक्याच्या पुढं..." तो अडखळला. "माझ्या संगं चालशील?"

तिनं तबक हातात घेतलं. "पुरण मला येत नाही."

"मला येतंय," आबा म्हणाले.

लखननं माणक्याच्या पाठीवर झूल टाकली. सोनमनं निरांजन लावलं. माणक्यानं कान हलवला आणि कुणी नाव न घेताच एक पाऊल पुढं टाकून तिच्यासमोर मान झुकवली.