रिंगणातला खुंट

नऊ रेडवुड (तांबड्या सालीचे, जगातले सर्वांत उंच वृक्ष) गोलात उभे होते. मधे एक काळाठिक्कर खुंट, आपल्या स्वयंपाकघराएवढा रुंद. जंगलात झाडं कशीही उगवतात. मग यांना असं रिंगणात कुणी उभं केलं?

"माझ्या पणजोबांच्या लग्नातली पंगत आहे ही," मी म्हणालो. "जिलबी यायला इतका उशीर झाला, की पाहुण्यांना मुळं फुटली."

माझी नात मैथिली हसली नाही. ती खुंटाशेजारच्या यंत्ररक्षकाकडे बघत होती. कॅलिफोर्नियाच्या या सार्वजनिक उद्यानात मी तीस वर्षं झाडं मोजली, तेव्हा केशरी, गोलमटोल म्हणून त्याचं नाव भोपळा ठेवलं आणि त्याला मराठीही शिकवलं.

"तीन वाजता खुंट मुळासकट उपटणार," भोपळा म्हणाला. "इथे बाकं येतील. यादीत 'मृत' लिहिलंय."

"कुणी लिहिलं?"

"तुझ्या आजोबांनी. दोन हजार एकतीस साली."

मैथिली माझ्याकडे वळली. "तपासलं होतं?"

"पान नव्हतं गं एकही. शिवाय जेवायची वेळ झालेली..."

"थापा मला मारा ना. यादीत कशाला मारल्यात?"

मग ती भोपळ्यावरच उखडली. "नऊ झाडांची आणि या मुळाची जनुकं (सजीवाच्या पेशीतली, वाढ कशी व्हावी हे ठरवणारी माहिती) ताडून बघ. आत्ता."

भोपळ्याने दहा ठिकाणी खरवडलं. "दहाही तंतोतंत सारखी. असं कसं?"

"बियांपासून झालेली भावंडं इतकी सारखी नसतात," मैथिली म्हणाली. "आजोबा, आता खरं सांगा."

सांगितलं. "पूर्वी करवतवाले आले. घरांसाठी जंगलच्या जंगल आडवं केलं. लोक संतापले, भांडले, उरलेलं वन सगळ्यांसाठी राखलं. हा वृक्ष मात्र आधीच पडला होता. पण रेडवुडच्या बुंध्याशी सुप्त कळ्या (झोपलेले कोंब) असतात. खोड कापलं की त्या जाग्या होतात आणि बुंध्याभोवती गोलात फुटतात."

"म्हणजे ही नऊ झाडं नाहीतच," मैथिली म्हणाली. " झाड एकच, खोडं नऊ, आणि मुळं या खुंटाची. तो उपटलास तर नऊही खोडांचं पाणी तोडशील, भोपळ्या."

भोपळ्याने मुळाला आतला आवाज टिपणारं यंत्र लावलं. बराच वेळ तो ऐकत राहिला.

"पाणी वाहतंय," तो म्हणाला आणि त्याने खुंट उपटायचा पंजा मिटला. "नोंद बदलली. जिवंत."

मी चहाच्या विचारात खाली टेकलो होतो.

"आजोबांनी मृत लिहिलेले आणखी चारशे सोळा खुंट आहेत," भोपळा म्हणाला. "उद्यापासून ते उपटायचे आहेत."

मैथिलीने माझी काठी माझ्या हातात कोंबली. नाकावरचा राग तसाच. "उठा. एकेक मूळ तपासायचं."

"चारशे सोळा? अगं, माझे गुडघे..."

"गुडघ्यांची गोष्ट वाटेत सांगा."

ती भराभर पुढे निघाली, मागून भोपळा, त्याच्यामागे मी. वळणावर आणखी एक रिंगण दिसलं. सात खोडं. या वेळी मी एकच झाड मोजलं.