तिसऱ्या पोर्टवरचं नाव

सांगवीतल्या दौलतरावांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागी भंगारातून आणलेला एक सर्व्हर घुरघुरत असे. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्समध्ये त्यांची हयात गेलेली. निवृत्तीनंतर ते सोसायटीतल्या पोरांना नेटवर्क शिकवत.

भिंतीवर त्यांचं जुनं लाल कुलूप टांगलेलं होतं, उघडं. कारखान्यात मशिनच्या आत शिरणाऱ्याने मेन स्विचला आपल्या नावाचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. तो बाहेर येईपर्यंत त्या स्विचला कुणी हात लावायचा नाही. दौलतरावांची किल्ली निवृत्तीच्या दिवशीच कंपनीत जमा झाली होती.

"इथंही तोच नियम," ते पोरांना सांगत. "नेटवर्कचा स्विच म्हणजे मशिनं एकमेकांना जोडणारा डबा, आणि पोर्ट म्हणजे त्यातली एकेकाची जागा. पोर्टवर नाव दिसलं, की त्या माणसाला विचारल्याशिवाय स्विच पाडायचा नाही, बंद करायचा नाही."

खालच्या मजल्यावरच्या भीमराजची मिनल नेमकी तिथेच चुकली होती. मुलाखतीच्या प्रॅक्टिकलमध्ये तिने कुणाला न विचारता चालू स्विच पाडला आणि नोकरी हुकली. उद्या तिला पुन्हा बोलावलं होतं. शेवटचं.

रविवारची दुपार होती. मिनलने नवा व्हर्च्युअल स्विच बनवला. हाताला लागेल असं त्यात काही नसतं. सर्व्हरच्या मेमरीतली ती एक बंद खोलीच. बाहेर जाणारी वाट तिने ठेवली नव्हती. आत तिचीच दोन मशिनं, तीही मेमरीतलीच, दोन्ही पोर्टवर तिचं नाव.

"काका, तिसरा पोर्ट पण चालू दिसतोय."

"भास होतोय तुला. हाक मारून बघ."

तिने पिंग पाठवलं. उत्तर आलं, पण रेंगाळत.

"उत्तर जेवढं उशिरा, तेवढा माणूस लांब," दौलतराव सवयीने शिकवून गेले.

"पण लांब जायला वाटच कुठंय?"

त्यांनी उठून सर्व्हरची नेटवर्क केबल उपटली. पुढचं उत्तर लवकर आलं. त्याच्या पुढचं आणखी लवकर. खोलीत मशिनच्या तेलाचा वास सुटला होता.

"जवळ येतंय, काका."

"अगं, जुनं काहीतरी अडकलंय मेमरीत. पाड तो स्विच, नवा बनव. उद्याची तयारी राहील नाहीतर."

मिनलचं बोट बटणावर गेलं आणि थबकलं.

तिसऱ्या पोर्टवर आता नाव होतं. दौलतराव.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही." त्यांनी चष्मा पुसला. "असू दे. दाब."

"विचारल्याशिवाय नाही." तिने हात मागे घेतला. "काका, तुम्ही बाहेर आहात ना?"

ते ठणकावून हो म्हणणार होते.

तेवढ्यात त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. कुलूप बंद होतं.

त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. आत किल्ली होती. तेलाने माखलेली, अजून गरम.