उजव्या काचेतला माणूस

माझी बायको नदीन खुब्याच्या दुखण्याने खुर्चीला खिळली होती. ऑपरेशनला पैसे हवे होते, म्हणून मी ती गाडी दुरुस्त करून विकायला घेतली. हौस म्हणून नव्हे. हौशी लोकांचा मला वैताग येतो.

त्रेसष्ट सालची कॉर्वेट. मागची काच दोन भागांत, मध्ये उभा दांडा. तशी काच त्या एकाच वर्षी निघाली. मागचं दिसत नाही अशी लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढच्या वर्षीपासून अखंड काच आली. मग आमच्या इंडियानातल्या शहाण्यांनी काय करावं? गाडी नवी दिसावी म्हणून आपापले दांडे करवतीने कापून टाकले! आज दांडा असलेल्या गाडीला घराची किंमत येते. कापलेलीला निम्मीसुद्धा नाही.

युनिस टॉलिव्हर या विधवेच्या कोठारात अशीच एक कापलेली गाडी पडून होती. दांडा शेजारी खिळ्याला टांगलेला.

"गाडी ने," म्हातारी म्हणाली. "तो तिथेच राहू दे."

"का?"

"मागचं दिसत नव्हतं म्हणून माझ्या डेल्बर्टने तो कापला नाही, व्हर्लिन. दिसत होतं म्हणून कापला."

नवरा गेला की बायका काहीही बोलतात. दांडा मूळचा असला तर गिऱ्हाईक भाव देतं. मी तो उचलला.

हिवाळाभर काम केलं, दांडा परत जोडून दोन काचा बसवल्या. फायबर सांधायच्या राळेच्या वासाने डोकं उठलं. बर्फ वितळल्यावर एका संध्याकाळी गाडी रस्त्यावर काढली. दोन्हीकडे मक्याची रिकामी शेतं. आरशात पाहिलं. डाव्या काचेत रस्ता मोकळा. उजव्या काचेत एक माणूस उभा. डोक्याला हॅट, हात खाली सोडलेले.

मी वेग वाढवला. तीनशे साठ घोड्यांचं इंजिन ते, सीटला पाठ चिकटली. काटा शंभर मैलांवर गेला. माणूस लहान होईना. धावत नव्हता, चालतही नव्हता. नुसता उभा... आणि तेवढ्याच अंतरावर.

थांबून मागे वळलो. रस्त्यावर कोणी नाही. काच पुसली. दुसऱ्या दिवशी आरसा बदलला, मग काचही बदलली. पुन्हा तोच. एवढी मेहनत करून वर हे! डोकं फिरलं माझं.

नदीनला सांगितलं.

"मग काप तो दांडा," ती म्हणाली.

"आणि तुझा खुबा?"



गिऱ्हाईक आलं. क्लेटन वुड्रफ, दातांचा डॉक्टर. इंजिनावरचा नंबर पाहिला, दांडा ठोकून पाहिला, रंगाखालचा पत्रा तपासायला चुंबक फिरवलं. फायबरच्या गाडीवर चुंबक! मी दात आवळले. मग त्याला चालवायला दिली आणि शेजारी बसलो.

"आरशात बघा," मी म्हणालो. लपवून विकणं माझ्या रक्तात नाही. "उजव्या काचेत माणूस दिसतो."

त्याने पाहिलं. हसला. "आजोबा, चष्मा बदला. रस्ता रिकामा आहे."

मी पाहिलं. खरंच रिकामा होता.

त्याने पूर्ण किंमत मोजली आणि गाडी घेऊन गेला. वाटलं, सुटलो.

नदीनचं ऑपरेशन झालं. काल ती काठीशिवाय स्वयंपाकघरात गेली, सिंकपाशी उभी राहिली. मला बरं वाटलं. तिथली खिडकी मीच केली आहे. दोन काचा, मध्ये लाकडी पट्टी.

"व्हर्लिन," ती हळूच म्हणाली, "अंगणाच्या कुंपणापाशी कोण उभा आहे रे? ...या काचेतून दिसतो. त्या काचेतून नाही."

कुठल्या काचेतून, ते मी विचारलं नाही. करवत आणायला गेलो.

परत आलो तेव्हा ती खिडकीपासून मागे सरकली होती. मी उजव्या काचेतून पाहिलं.

गाडीत तो कायम तेवढ्याच अंतरावर असायचा. आता कुंपण त्याच्या मागे राहिलं होतं.